आक्षीला २४ जणांचा बर्ड वॉक: सकाळी साडेसहाची वेळ बरोबर आहे का?

पाणटिवळा_२४

१८ जानेवारीच्या रविवारी आक्षी किनाऱ्यावर (अलिबाग) बर्ड वॉक ठरतोय. एकूण २४ जण. त्यातले १५-१६ जण पहिल्यांदाच दुर्बीण हातात घेणार आहेत, ४ मुलं १० ते १४ वयाची आहेत. किनाऱ्यावरचे पक्षी ओळखणारे दोघंच. सामानात २०-६० पटीचा एक स्पॉटिंग स्कोप (तिपाईवरची एकनळी दुर्बीण) आणि ९ दुर्बिणी.

सध्याचा बेत असा: आदल्या रात्री अलिबागला मुक्काम, साडेसहाला सुरूच्या बनातून वाळूवर, उत्तरेला खाडीच्या मुखापर्यंत जाऊन परत, नऊला नाश्ता. काही जण मुक्काम नको म्हणतात, गेटवेहून पहिल्या बोटीने येऊ म्हणतात.

वेळ बरोबर आहे का? एका स्कोपवर २४ जण कसे सांभाळायचे? आणि चिखल्या-टिलव्यांचा (प्लोव्हर-सँडपायपरचा) तो राखाडी-तपकिरी गोतावळा नवख्यांना दाखवायचा तर नेमकं काय दाखवायचं? ई-बर्डवर (पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर) यादी कोणी आणि कशी टाकायची, हेही सांगा.

---

साखरखाडी

त्या दिवशी साडेसहा ही वेळ चुकीची आहे. १८ तारखेला अमावास्या आहे. पूर्ण भरती काढायचा कोळ्यांचा हिशेब तिथीची पाऊणपट. अमावास्या पंधरावी धरली तर पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून मुंबईचा छापील भरती-तक्ता पाहाच, पण अंदाजाला हा हिशेब पुरतो. सव्वाअकराला भरती म्हणजे पूर्ण ओहोटी पाचच्या पुढेमागे. वर अमावास्येचं उधाण, चढउतार ४ मीटरच्या घरात. आक्षीची वाळू सपाट आहे, त्यामुळे पाणी फार लांब जातं. साडेसहाला तुम्ही पोचाल तेव्हा एकतर उजाडलेलं नसेल (सूर्योदय ७.१० च्या सुमारास), आणि उजाडल्यावर पक्षी पाण्याच्या कडेला, म्हणजे स्कोपमधूनही ठिपके. नवखा माणूस अर्ध्या तासात कंटाळतो आणि मोबाइल काढतो.

पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे १२ भाग केले तर तासागणिक १, २, ३, ३, २, १ असं चढतं. म्हणजे सव्वासात ते सव्वानऊ या दोन तासांत निम्मं पाणी वर येतं, आणि ते पक्ष्यांना तुमच्याकडे ढकलत आणतं. म्हणून ८ ला वाळूवर उतरा, १०.३० ला संपवा. सगळ्यात चांगला वेळ साडेआठ ते दहा. त्यानंतर ओली वाळू इतकी कमी उरते की थवे चरणं सोडून कोरड्या वाळूवर, खाडीच्या मुखाजवळ एकत्र येऊन बसतात. मोजायला हाच मोका, पण तेव्हाच त्यांना उठवणं सगळ्यात महाग पडतं. त्याबद्दल खाली कोणी लिहीलच.

एक सक्त गोष्ट. ओहोटीला खाडीचं मुख गुडघाभर पाण्यातून ओलांडता येईलसं वाटतं. ओलांडायचं नाही. पलीकडे कुरवांचा (गलचा) थवा दिसला की कोणीतरी निघतंच, आणि वरच्या हिशेबातला तिसरा-चौथा तास परतीच्या वाटेवर गाठतो.

---

कोरल

वरचा भरतीचा हिशेब मान्य, निष्कर्ष नाही. आक्षी रविवारी साडेनऊनंतर पक्ष्यांची राहत नाही. घोडागाड्या, चारचाकी बाइका, वाळूवर क्रिकेट. शिवाय साडेनऊ-दहानंतर वाळू तापली की हवा थरथरते. ३० पटीच्या वर स्कोप नेला की चिखल्याची चोच वितळल्यासारखी दिसते, आणि आक्षीला ओळख ठरते ती चोचीवरच.

तारीख बदलता येत असेल तर एक रविवार आधी या, ११ तारखेला. वद्य अष्टमी. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. तुम्ही ७.१५ ला उतराल तेव्हा पाणी नुकतंच उतरू लागलेलं. भांगाची (अष्टमीच्या आसपासची लहान) भरती असल्याने चढउतार उधाणाच्या निम्म्याहून कमी, पाण्याची कड हळूहळू सरकते. तीन तास पक्षी साधारण त्याच अंतरावर चरत राहतात. नवख्यांना शिकवायला घाईगडबडीच्या उधाणापेक्षा हा संथ दिवस केव्हाही बरा.

२५ चा रविवार मात्र नको. तिथी सप्तमी असल्याने भरती सोयीची आहे, पण सोमवारी २६ जानेवारी. तीन दिवसांच्या सुट्टीत अलिबागला गाडी लावायला जागा मिळायची नाही.

---

साखरखाडी

११ चालत असेल तर ११ च घ्या, नवख्यांसाठी ते ठीक. पण तोटाही लिहून ठेवा: भांगाला पाणी वरच्या वाळूपर्यंत येत नाही, त्यामुळे थवे दाटीवाटीने एकत्र बसत नाहीत, सगळ्या किनाऱ्यावर विखुरलेले राहतात. मोठे कुरव आणि सुरय (टर्न) शेजारी-शेजारी बसलेले पाहायचे तर थोडं जास्त पाणी लागतं. दशमी ते द्वादशी हे खरं उत्तम, भरती साडेसात ते नऊच्या दरम्यान. पण दर चार आठवड्यांनी रविवारची तिथी जेमतेम दीड-दोनने मागे सरकते. १८ जानेवारीला अमावास्या, तर १५ फेब्रुवारीला त्रयोदशी-चतुर्दशी. रविवारच हवा असेल तर एकादशीसाठी मार्चपर्यंत थांबावं लागेल.

---

तीनपाय

स्कोपबद्दल. एका स्कोपवर २४ माणसं हे गणित जमत नाही. प्रत्येकाला २० सेकंद धरली तरी ८ मिनिटं झाली. सँडर्लिंग (लाटेमागे पळणारा छोटा पक्षी) एका जागी ८ सेकंदही थांबत नाही. कुठूनतरी दुसरा स्कोप मिळवा, आणि १२-१२ चे दोन गट करा, प्रत्येकात एक जाणकार. एक गट आधी वाळूवर, दुसरा आधी सुरूच्या बनात. तासाभराने अदलाबदल. दोन्ही गट एकाच वेळी वाळूवर नकोत.

स्कोपमध्ये सगळं दाखवायला जाऊ नका. जे बसलेलं किंवा संथ आहे तेच: कुरव, सुरय, ऑयस्टरकॅचर, एका पायावर झोपलेला टिलवा. पळणारे पक्षी दुर्बिणीत. स्कोप २५ पटीवर ठेवून लावा, वाढवायचं ते जाणकाराने. नवखा माणूस झूमची कडी फिरवतो, पक्षी जातो, मग तो "दिसत नाही" म्हणून बाजूला होतो आणि रांगेतला पुढचा रिकामी वाळू बघतो. म्हणून दर चार माणसांमागे जाणकाराने स्वतः डोळा लावून पक्षी अजून तिथे आहे का ते पाहायचं. उंची मुलांच्या डोळ्याला लावा, मोठ्यांनी वाकायचं. उलट केलं तर मूल नळीला धरून उभं राहतं आणि पक्षी गेलाच समजा.

तिपाईचा एक पाय पाण्याच्या दिशेला, दोन स्वतःकडे. ओल्या वाळूत पाय हळूहळू रुततात आणि चित्र आपोआप खाली सरकतं. लावताना प्रत्येक पाय एकदा दाबून बसवा. घरी गेल्यावर खालचे दोन जोड उघडून गोड्या पाण्याने धुवा, सुकल्याशिवाय बंद करू नका. पिळून बंद होणारे जोड असतील तर हे त्याच रात्री. खारं पाणी आणि बारीक वाळू मिळून आठवड्यात ते जोड गच्च होतात.

दुर्बिणी निघण्याआधी, नाश्त्याच्या टपरीवरच लावून घ्या. दोन नळ्या आत-बाहेर करून एकच गोल दिसेपर्यंत. मग उजवी नळी झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला पाटीवरचं अक्षर स्पष्ट करा. मग डावी झाकून, मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तेच अक्षर स्पष्ट करा. चष्मेवाल्यांनी रबरी कडा आत दाबून ठेवायच्या. हे न करता किनाऱ्यावर उतरलं की निम्म्या लोकांना दिवसभर धूसर दिसतं, आणि ते संकोचाने बोलत नाहीत. काचेवर शिंतोडे उडाले तर आधी फुंकून वाळू उडवा, मगच फडक्याने पुसा. शर्टाने तर नकोच.

९ दुर्बिणी १२ जणांत पुरतात, फक्त मुलांना ज्या द्याल त्या ८ पटीच्या द्या. १० पटीची त्यांच्या हातात स्थिर राहत नाही.

---

कोरल

तीनपाय यांच्या गटवाटपाला पुस्ती. वाळूवर चालताना १२ जण आडव्या ओळीत पसरले की थव्याला ती भिंत वाटते. दोन-दोनच्या रांगेत, बनाच्या बाजूने चाला, आणि थव्याकडे सरळ रेषेत जाऊ नका, तिरकं जा. २५ पावलं चालायचं, दोन मिनिटं थांबायचं. ८०-१०० मीटरच्या आत जायची गरज स्कोप असताना नसते.

कुठे थांबायचं ते पक्षीच सांगतात. चरणं थांबून माना वर झाल्या, सगळ्यांनी तोंडं एकाच दिशेला केली, किंवा कडेचे दोन-चार जण चालायला लागले, की तुम्ही आधीच जास्त जवळ आलेले असता. तिथेच थांबा, शक्यतो खाली बसा. एकदा उडाले तर पाठलाग नाही. हे पक्षी दिवसातून दोनदा, पाणी उतरलेलं असेल तेव्हाच पोट भरतात. भरतीच्या वेळी बसतात ते खर्च वाचवायला. तेव्हा चार वेळा उठवलेला थवा त्या भरतीत विसावतच नाही. मार्च-एप्रिलमध्ये परतीच्या प्रवासाची चरबी चढत असते तेव्हा तर फारच जपा.

दिशा तुमच्या बेतात बरोबर आहे. जानेवारीत सूर्य आग्नेयेकडून वर येतो. दक्षिणेकडून खाडीच्या मुखाकडे, म्हणजे उत्तरेला चालताना तो उजव्या खांद्यामागे राहतो आणि समोरचे पक्षी स्वच्छ उजेडात दिसतात. परतताना वाळूने आलात तर ऊन डोळ्यांत आणि सगळे पक्षी काळे. परत बनातून या.

---

चोचमाप

ओळखीचं. नवख्यांना १५ जाती दाखवायच्या मागे लागू नका. मोजक्या जोड्या दाखवा, बाकी "हा दुसरा कोणीतरी" म्हणून सोडा.

सुरुवात सँडर्लिंगपासून. लाट मागे सरली की तिच्या मागे पळणारा, लाट आली की पुढे पळणारा, सगळ्यांत फिकट, पाय काळे. पंखाच्या खांद्याशी काळसर डाग. हा लांबूनही, दुर्बिणीशिवायही कळतो, आणि मुलं खूश होतात. ओल्या वाळूत पावलं पाहा: तीनच बोटं उमटतात, मागचं बोट नाही. चिखल्यांनाही मागचं बोट नसतं, पण टिलव्याला असतं. पावलावरून सगळं ठरवू नका, पण मुलांना वाकून वाळू बघायला लावायचा हा चांगला मार्ग आहे.

मग चिखल्या. केंटिश चिखल्याच्या मानेभोवती मागून पांढरा पट्टा पूर्ण फिरतो, सँड प्लोव्हरला मागे पट्टा नसतो. हे आधी पक्कं करा. त्यानंतर छोटा सँड प्लोव्हर आणि मोठा सँड प्लोव्हर. आकारावर जाऊ नका, एकटा उभा असेल तर आकार काहीच सांगत नाही. चोचीच्या मुळापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर मनात धरा. चोच त्याहून आखूड आणि बोथट, तर छोटा. तेवढीच किंवा लांब, टोकाकडे निमुळती, तर मोठा. पाय पाहा: छोट्याचे काळपट, मोठ्याचे हिरवट-पिवळसर आणि लांब. पायांना चिखल लागलेला असेल तर रंग विसरा. ज्याचं दोन्ही जुळत नाही त्याला "सँड प्लोव्हर" एवढंच लिहायचं.

इथे एक गोम. ई-बर्डने २०२३ मध्ये छोट्या सँड प्लोव्हरचे दोन केले, सायबेरियन आणि तिबेटन. आपल्या किनाऱ्यावर येतो तो तिबेटन. जुन्या पुस्तकात "लेसर" असं सापडेल, यादीत ते नाव दिसणार नाही. त्यावरून गोंधळून कोणी सायबेरियन टाकू नये.

लहान कुरव दोनच दाखवा. तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा, हिवाळ्यात दोघांचंही डोकं पांढरं आणि कानामागे काळा ठिपका. नावं फसवी आहेत हे आधीच सांगून टाका. प्रौढ तपकिरी डोक्याच्याचा डोळा फिकट, पंखाचं टोक काळं आणि त्यात पांढरा ठिपका. काळ्या डोक्याच्याचा डोळा गडद, आणि पंखाच्या पुढच्या कडेला लांबट पांढरी पाचर. मोठ्या कुरवांमध्ये पलासचा कुरव फेब्रुवारीपासून काळं डोकं धरतो, तेव्हा सोपा. जानेवारीत डोळ्यामागचा काळा पट्टा आणि पिवळ्या चोचीच्या टोकाशी लाल-काळं पाहा.

सुरय चोचीच्या रंगावरून: कॅस्पियनची गाजरासारखी जाड लाल, लेसर क्रेस्टेडची केशरी, सँडविचची काळी आणि टोक पिवळं, गल-बिल्डची आखूड जाड काळी. चौघं एका थव्यात बसले तर नवख्यांना एवढ्यानेच जिंकता येतं.

डन्लिन आणि कर्ल्यू सँडपायपर हे दोन टिलवे मुद्दाम गाळले. बसलेले असताना जाणकारांचंच एकमत होत नाही. उडाले आणि शेपटीच्या मुळाशी सलग पांढरं दिसलं तर कर्ल्यू सँडपायपर, एवढं सांगा आणि पुढे चला.

---

पाणटिवळा_२४

सगळ्यांचे आभार. ११ तारखेवर सगळे राजी झाले तर तीच. पण बोटीने येणारे ९ जण हटून बसलेत. पहिल्या बोटीने ते किती वाजता पोचतील? आणि पायात रंगीत पट्टी असलेला पक्षी दिसला तर काय नोंदवायचं?

---

साखरखाडी

गेटवे ते मांडवा तासाभराची बोट, मांडव्याहून अलिबागपर्यंत बोटीच्याच तिकिटातली बस पाऊण तास, पुढे आक्षीला रिक्षा. पहिल्या बोटीने निघाले तरी वाळूवर पाय ठेवायला साडेआठ ते नऊ. ११ तारखेला म्हणजे त्यांचा सगळ्यात चांगला दीड तास गेलेला असेल. १८ तारखेला मात्र हे वेळापत्रक बरोबर बसतं. ते नऊ जण हटणार नसतील तर मुकाट १८ घ्या आणि गर्दी सोसा.

त्यांना बोटीत काम द्या. बोटीच्या मागे येणारे कुरव हातभर अंतरावरून उडतात. चोचमाप यांनी सांगितलेला डोळा आणि पंखाचं टोक तिथे दुर्बिणीशिवाय दिसतं. किनाऱ्यावर इतकं जवळून कधीच दिसणार नाही. फक्त त्यांना वेफर टाकायचे नाहीत, आणि शेजारच्यालाही टाकू द्यायचे नाहीत.

---

चोचमाप

रंगीत पट्टीबद्दल: कोणत्या पायावर, गुडघ्याच्या वर की खाली, पट्ट्या किती, वरून खाली कोणत्या क्रमाने कोणते रंग, आणि अक्षरं वाचता आली तर ती. "डावा" म्हणजे पक्ष्याचा डावा, तुमचा नव्हे. निम्म्या नोंदी इथेच बिघडतात. वाचता आलं नाही तर अंदाजाने अक्षर टाकू नका, रंगांचा क्रमही उपयोगी असतो. मोबाइल स्कोपच्या काचेला लावून फोटो काढा आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला ठिकाण, तारीख, वेळ यांसह कळवा. फोटोसाठी जवळ जायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

यादी प्रत्येक गटाची वेगळी, आणि प्रत्येक गटात लिहिणारा एकच. वाळूची यादी आणि बनाची यादी वेगळ्या ठेवा, पक्षी वेगळे, जागा वेगळी. त्याच वाटेने परत आलात तर अंतर एकेरीच भरायचं. निरीक्षकांच्या रकान्यात १२ लिहायचं, २४ नाही. मग ती यादी बाकीच्यांना शेअर करा, १२ जणांनी १२ स्वतंत्र याद्या टाकल्या की तेच पक्षी १२ वेळा नोंदले जातात. आणि दोन गटांचे आकडे एकमेकांत मिळवू नका: सकाळी ८ ला मोजलेले १२० चिखल्या ९ ला दुसऱ्या गटाने मोजलेलेच असण्याची शक्यता जास्त.

मोठा थवा मोजताना १० पक्ष्यांचा तुकडा डोळ्यात बसवा, तो किती जागा व्यापतो ते पाहा, आणि तेवढे तुकडे थव्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजा. दोघांनी वेगवेगळं मोजा. आकडे दुपटीने वेगळे आले तर दोघांनीही पुन्हा मोजा, सरासरी काढू नका. थवा दाट असेल तिथे १० चा तुकडा फसवतो, दाटीत माणूस नेहमी कमी मोजतो.

---

तीनपाय

एक राहिलं. मुलांच्या खिशात बिस्किटं नकोत. आक्षीला एका बिस्किटामागे तीन कुत्री येतात, आणि ती पुढचे दोन तास तुमच्या गटाबरोबरच चालतात. तुम्ही १०० मीटरवर थांबता, कुत्रं थांबत नाही. खाणं गाडीत ठेवा, वाळूवर फक्त पाणी. किनाऱ्यावर स्वच्छतागृह धरून चालू नका, मुलांना अलिबागलाच विचारून घ्या. पायात बूट नकोत, पट्ट्याच्या सँडल. ओल्या वाळूत बूट एकदा भिजला की मूल पक्ष्यांऐवजी बुटाकडे बघत बसतं.